नानांच्या पोशाखावरचे केळीचे डाग

संपादकांनी लेख खरं तर आमच्या ह्यांच्याकडे मागितला होता. ह्यांनी दोन दिवस विचार केला, आमच्या मुलीची, प्रज्ञाची, जुनी वही काढली आणि लिहिलं: 'मी उडत असे. आता उडत नाही.' त्याखाली सही केली आणि म्हणाले, "झालं. बाकीचं तू लिही, तुला जास्त माहीत आहे."

ते खरंच आहे. उडायचे हे, पण धंदा चालवला मी. फोन मी घेतले, पोशाख मी शिवले, कोणाकडे जायचं आणि कोणाला वाटेला लावायचं तेही मीच ठरवलं. म्हणून हा लेख माझ्या नावावर आहे. ह्यांचा, म्हणजे तुमच्या नानांचा, फोटो छापायचा असेल तर छापा, पण हेल्मेट घातलेला छापू नका. त्यात ते गॅस सिलिंडर पोचवायला आल्यासारखे दिसतात.

आम्ही दीपनगरच्या कॉलनीतले. हे वीजकेंद्रात फिटर होते, मी क्वार्टरच्या व्हरांड्यात मशीन टाकून बायकांचे ब्लाउज शिवायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी हे टीव्हीची अँटेना फिरवायला गच्चीवर गेले. मी खाली अंगणात तारेवर कपडे वाळत घालत होते. वरून "अरे अरे" असा आवाज आला, मी मान वर केली, तर हे गच्चीच्या काठावरून निघाले होते. मी डोळे मिटले. आपटल्याचा आवाज काही येईना, म्हणून उघडले. हे कपड्यांच्या तारेच्या उंचीवर पालथे तरंगत होते आणि माझ्याकडे असे बघत होते, जसा काही हा उद्योग मीच केला होता.

"सुमन," हे म्हणाले, "मी पडलो का?"

"अजून नाही," मी म्हटलं. "आधी खाली उतरा, शेजारचे बघतायत."

आमच्या घरात चमत्कार झाला तो एवढाच. वीज चमकली नाही, काही नाही. टीव्हीवर चित्रही आलं नव्हतं, त्यामुळे ह्यांना परत वर जावं लागलं.

लोकांना वाटतं उडणं म्हणजे काय मजा. जरा समजावून सांगते. पोट भरलेलं असलं की उडता येत नाही, वाऱ्याने ढवळतं. म्हणजे हे निघायचे उपाशी आणि परत यायचे ते आठ भाकरींची भूक घेऊन. वेग म्हणाल तर भुसावळहून जळगावला विनाथांबा एसटी जेवढा वेळ घेते, साधारण तेवढाच. वजन एका माणसाचं पेलायचं, दोघांचं नाही. मे महिन्यात वरची हवा भट्टीसारखी लागते आणि थंडीत नाक गळतं. तोंड उघडं राहिलं तर किडे आत जातात. हेल्मेट त्यासाठी होतं, डोक्यासाठी नव्हे. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तारा. आमच्या भागात आभाळात जेवढ्या विजेच्या तारा आहेत तेवढे पक्षीही नसतील. सुदैवाने कुठली लाइन कुठून जाते ते ह्यांना नोकरीमुळे तोंडपाठ होतं.

पोशाखाचं शास्त्र मी चुका करत शिकले. पहिल्या पोशाखाला, माझ्या भावाच्या आग्रहामुळे, पाठीवर लांब निळी झूल लावली होती. दुसऱ्याच दिवशी ती कडुनिंबात अडकली आणि हे अर्धा तास वटवाघळासारखे लटकले. झूल कापली, तिचे उशांचे अभ्रे झाले. अजून आहेत. मग जाड खाकी ड्रिल वापरलं, कंबरेला इलॅस्टिक, गुडघ्याला दुहेरी कापड. तोंड झाकायला बुरखाही शिवला होता, ओळख लपवायला म्हणून. पहिल्याच मोहिमेनंतर कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "नाना, काल किन्हीच्या विहिरीतून बकरी काढली म्हणे तुम्ही?" हे म्हणाले, "मी? छे." तो म्हणाला, "मग तुमच्या चपला घालून कोण गेलं होतं?"

म्हणजे गुपित टिकलं एक दिवस.

त्यानंतर फोन सुरू झाले. माझ्या डोक्यात त्यांचे दोन ढीग होते, खरे आणि रिकामटेकडे. खऱ्यांपेक्षा रिकामटेकडे कितीतरी जास्त. गच्चीवर अडकलेली चप्पल काढून द्या. शेजाऱ्याने आंबे कुठे लपवलेत ते वरून बघून सांगा. फैजपूरकडच्या एका वरपित्याला नवरदेव मंडपात उडत आणायचा होता. "घोड्यावर काय, सगळेच येतात," तो म्हणाला.

"नवरदेवाचं वजन किती?" मी विचारलं.

"असेल पंच्याऐंशी."

"हळदीच्या आधीचं की नंतरचं?"

"ताई, आठ दिवस घरात नुसती पुरणपोळी चालू आहे."

"मग घोडाच बरा," मी म्हटलं. "आणि घोडाही जरा दणकट बघा."

खऱ्या फोनांमधला एक मी विसरणार नाही. धुळ्याकडच्या एका गावात रात्रभर पाऊस होऊन सकाळी नदी वस्तीत शिरली होती. एक म्हातारी घराच्या पत्र्यावर बसली होती, मांडीवर कोंबडी. हे तिथे पोचले आणि दहा मिनिटांत ह्यांचा मला फोन. मागे पाण्याचा आवाज. "सुमन, ह्या आजी हात लावू देत नाहीत. तू बोल."

म्हातारीने फोन घेतला. "कोन शे?"

"मी ह्यांची बायको बोलतेय, आजी."

"लगीननी बायको शे ना?"

"हो, लग्नाची."

"मंग आईक. तुना नवरा माले कंबरले धरी लई जास म्हनस. मी नही जावाव. मना धनी गया तधळपाईन माले कोनी हात नही लाया."

पाणी पत्र्याला लागायला आलं होतं आणि नवरा गेल्यापासून कोणाचा हात लागू न दिलेल्या म्हातारीशी माझी चर्चा चालली होती अब्रूची. मी म्हटलं, "आजी, तुमच्याजवळ चादर आहे? त्या चादरीत बसा, हे चारी टोकं धरतील. हात लागणार नाही." तिने विचार केला. "नि कोंबडी?" म्हटलं, कोंबडीही घ्या. तशी ती आली. कोंबडीने वाटेत ह्यांच्या पोशाखावर काय केलं ते दिवाळी अंकात लिहिता येत नाही. पण त्या दिवसापासून मी जाड कापडाची झोळी शिवून पोशाखाबरोबरच द्यायला लागले. पुढे त्या झोळीतून कितीतरी माणसं आली. हट्ट म्हातारीचा, कल्पना माझी, नाव नानांचं झालं.

घरी मात्र नाना म्हणजे साधा नवरा. माळ्यावरचा डबा काढा म्हटलं तर म्हणायचे, "ड्युटीवरून आलोय." दुपारी आडवे झाले की झोपेत हळूहळू वर जायचे. पांघरूण खाली, हे पंख्याच्या दिशेने. म्हणून मी त्यांचा एक पाय जुन्या ओढणीने पलंगाला बांधून ठेवायची. प्रज्ञा लहान असताना मैत्रिणींना घेऊन यायची, बघा आमचे पप्पा. मोठी झाल्यावर तिला त्याची लाज वाटायला लागली. तिच्या शाळेच्या एकाही गॅदरिंगला हे वेळेवर आले नाहीत. एकदा आले ते नाटक संपल्यावर, चिखलाने भरलेले, आणि सगळी शाळा टाळ्या वाजवायला उठली. नाटकात प्रज्ञाने काम केलं होतं. टाळ्या ह्यांना. ती घरी येऊन जेवली नाही.

तिच्या बघण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या काकांनी चहा पिता पिता विचारलं, "हे जे उडणं आहे, ते आनुवंशिक आहे का? म्हणजे पुढे नातवंडं वगैरे..." प्रज्ञा आतून पोहे घेऊन येत होती, ती म्हणाली, "उडाली तर खिडक्यांना जाळ्या बसवू. तुमच्याकडे मधुमेह आहे का ते सांगा." मुलगा हसला. तोच आमचा जावई. विहारात लग्न लागलं आणि त्या दिवशी ह्यांनी फोन बंद ठेवला होता. आयुष्यात एकदाच.

आता जे लिहायचं आहे ते टाळून हसतखेळत संपवता आलं असतं. पण मग हा लेख ह्यांच्या दोन ओळींएवढाच खरा झाला असता.

ह्यांची नोकरी संपायला दोन-तीन वर्षं उरली होती. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की हे झोपलेत, ओढणी बांधायची राहिली आहे आणि पांघरूण जागच्या जागी आहे. म्हटलं, दमले असतील. मग डाग दिसायला लागले. ज्यांनी केळीत काम केलंय त्यांना माहीत आहे, केळीचा चीक कपड्याला लागला की काळपट तपकिरी डाग पडतो आणि तो साबणाच्या बापालाही निघत नाही. रावेर-यावलकडे जायचं तर खाली सगळ्या केळीच्या बागा. पूर्वी पोशाख धुळीने भरायचा, पण चीक कधी नसायचा. आता आधी बुटांवर दिसला. दोन महिन्यांनी पोटऱ्यांवर. मग गुडघ्यांवर, मग पोटावर. शिंपीण आहे मी, कापड बघून माणूस कुठे बसला, कुठे घासला ते मला सांगता येतं. हा माणूस दर महिन्याला वीतभर खालून उडत होता.

ह्यांनी मला सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही. त्यापुढे मी जे केलं ते सांगायला अजून जड जातं. मी पोशाखाचा रंग बदलला. खाकी काढून गडद तपकिरी ड्रिल आणलं, डाग दिसू नयेत असं. ह्यांनी नवा पोशाख हातात घेतला, उलटसुलट केला, माझ्याकडे पाहिलं. "रंग चांगला आहे," म्हणाले. बस. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं मोठं खोटं आम्ही इतक्या कमी शब्दांत बोललो नव्हतो.

का केलं? ह्यांच्यासाठी केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण एसटीत चढले की लोक उठून जागा द्यायचे. "नानांच्या मिसेस आहेत, बसू द्या." जयंतीला पहिल्या रांगेत खुर्ची. दवाखान्यात नंबर आधी. ब्लाउज शिवणारी बाई म्हणून मला कोणी खुर्ची दिली नसती. मला त्या खुर्चीची सवय झाली होती.

मग तो मे महिना आला. असोद्याच्या पलीकडच्या एका गावातून दुपारी फोन. पाण्याच्या टाकीला रंग द्यायला एकनाथ नावाचा रंगारी वर गेला होता. सकाळी चढला आणि त्याच्या मागे शिडीचा खालचा अर्धा भाग निखळून पडला. माणूस वरच्या कठड्यात अडकला होता. वर सावली नाही, पाणी नाही.

"अग्निशमनवाल्यांना कळवलं का?" मी विचारलं.

"कळवलं, अक्का. गाडी निघेल आहे. तासभर लागेल म्हने. पन नाना आले तर..."

मी 'थांबा' म्हणू शकले असते. गाडी निघाली होती, शिडी येत होती, आणि माणसाला दोरीने पाणी पाठवता आलं असतं. हे दारात उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत. मी मानेनेच 'जा' म्हटलं. हे गेले. तपकिरी पोशाखात चांगले दिसत होते.

फोन केलेला तो माणूस मला सगळं सांगत राहिला. क्रिकेटचं धावतं वर्णन करतात तसं. "आले, अक्का, आले. चढू राहिले. थांबले. खाली आले थोडे. काय झालं? परत चढू राहिले." मी मशीनवर बसले होते, पाय पेडलवर, आणि पेडल मारत नव्हते. "तिसऱ्यांदा चढले. पोचले! एकनाथले झोळीत घेतलं. निघाले. येऊ राहिले, येऊ राहिले, अरे..."

मग नुसती ओरड ऐकू आली. मग फोन बंद.

अर्ध्यावर ह्यांच्यातली शक्ती संपली. दोघं टाकीशेजारच्या केळीच्या बागेत पडले. केळीची झाडं मऊ, म्हणून जिवावर बेतलं नाही. ह्यांचं मनगट मुरगळलं. झोळी ह्यांच्या खाली होती, त्यामुळे एकनाथचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. अग्निशमनची गाडी पंधरा मिनिटांनी पोचली. बागेतून ह्या दोघांना उचलून न्यायला तिचा उपयोग झाला.

जळगावच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा ह्यांच्याभोवती गर्दी होती. कोणी फोटो काढत होतं. "नानांनी जीव धोक्यात घालून वाचवला," असं चाललं होतं. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. एकनाथची बायको कमल बाहेर बाकावर एकटी होती. मला बघून उठली आणि माझ्या पाया पडायला वाकली.

ते मात्र मला सहन झालं नाही. मी तिचे दंड धरले, बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पांघरूण, डाग, तपकिरी कापड.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "गाडी निघेल होती?"

"हो."

"तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

"मंग कशाले धाडलं त्याहिले?"

मी म्हटलं, "नाही म्हणायची मला सवय नव्हती. लोक नानांची बायको म्हणतात ते बरं वाटायचं."

आतापर्यंत रडत होती, ती आता थांबली. "माह्या मानसाचा उजवा हात आहे तो," ती म्हणाली. "त्याच हातानं अक्षरं काढतो तो. अख्ख्या तालुक्यात त्याच्यासारखं अक्षर कोनाचं नाही." आणि मग, "मी तुम्हाले माफबिफ नाही करनार. टाकी अर्धी राहिली. आता दुसरा रंगारी लावतील, आन पुढची सारी कामं बी त्यालेच देतील. त्या टाकीचं काय करता, ते सांगा."

दारात हे येऊन उभे होते. कधीपासून ते मला माहीत नाही. "मी रंगवतो," हे म्हणाले. "एकनाथच्या नावावर. तो बरा होईपर्यंत जेवढं काम असेल तेवढं."

आतून, पलंगावरून एकनाथचा आवाज आला. "कमल, त्याहिले ब्रश धरता येतो का ते विचार आधी."

मनगटाची पट्टी सुटल्यावर ह्यांनी पहिलं काम केलं ते कॉलनीच्या हॉलमध्ये लोकांना गोळा करून सांगण्याचं. मला आता उडता येत नाही, बरेच दिवस नीट येत नव्हतं, मी लपवलं, आणि एका माणसाचा हात मोडला. ह्यांनी माझं नाव घेतलं नाही, म्हणून मी उभी राहिले आणि माझं मी घेतलं. मग मागून एक जण म्हणाला, "तरी पण नाना, सत्कार तर झालाच पाहिजे." आमच्याकडे माणूस काहीही सांगो, त्याला शाल द्यायची हे आधीच ठरलेलं असतं. ह्यांनी शाल घेतली नाही. पुढच्या आठवड्यात एसटीत मी उभ्याने गेले. अर्ध्या वाटेत एक मुलगी उठली, पण ते माझे पाय दुखत होते म्हणून.

टाकीला नवी शिडी बसली, भोवती बांबूची परांची बांधली. हे सुट्ट्या टाकून सकाळी सहाला निघायचे. मीही डबा घेऊन जायला लागले. कंबरेला दोर बांधून हे चढायचे, एकेक पायरी, मध्ये दोनदा थांबून. गावातले लोक सुरुवातीला चिडवायचे.

"नाना, दोरी कशाले?"

"पडू नये म्हणून."

"उडा ना जरासे!"

"रंग सांडेल."

चार दिवसांत लोकांचा उत्साह संपला. वर चढून रंग देणाऱ्या माणसाकडे कोण किती वेळ बघणार? मी मात्र बघत बसायची. बाभळीखाली चटई टाकून, मांडीवर कोणाचा तरी ब्लाउज घेऊन. आणि तिथे बसून एक दिवस माझ्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत मी ह्यांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. वीजकेंद्रात बायकांना जाता येत नाही. आणि दुसऱ्या कामाच्या वेळी मी सदा फोनपाशी. हे काम करताना ओठ चावतात, आणि पट्टा सरळ आला की स्वतःशीच मान डोलावतात, हे मला तेव्हा कळलं.

शेवटच्या आठवड्यात अक्षरं काढायची होती, 'पाणी जपून वापरा'. गळ्यात हात बांधलेला एकनाथ स्वतः आला. कमलने त्याच्यासाठी खुर्ची आणली होती. माझ्याशी ती अजून मोजकंच बोलायची, पण त्या दिवशी डब्यातली वांग्याची भाजी माझ्यापुढे सरकवली.

एकनाथ खुर्चीतून ओरडला, "नाना! 'जपून'चा पू दीर्घ! तुम्ही ऱ्हस्व काढला. पुसा!"

हे वरून म्हणाले, "कोण वाचतंय एवढं?"

"मी वाचतो ना. पुसा."

नानांनी पुसला. मग ब्रश हातात धरून खाली माझ्याकडे बघितलं. "काय गं? काय पाहिजे?"

"काही नाही," मी ओरडले. "बघतेय."

ह्यांनी कॉलर सरळ केली. ब्रश डब्यात बुडवला, जास्तीचा रंग काठावर निथळला, आणि असा काही ऐटीत दीर्घ ऊकार ओढला की तो खाली, खाली, आणखी खाली येत गेला.

"बस, बस, नाना," एकनाथ म्हणाला. "खालच्या ओळीला जागा ठेवा!"